शेळ्यांच्या शेडमधला अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या वाटणीच्या दिवशी मामांनी माझा अ‍ॅम्प्लिफायर सोयाबीनच्या काट्यावर ठेवला आणि त्या क्षणी मी जो चिडलो, तो आज तीन वर्षं झाली तरी चिडलेलाच आहे. मध्ये जेवायला, झोपायला आणि नोकरीवर जायला राग थोडा खुंटीला टांगला असेल, तेवढंच. घरी आलो की पुन्हा अंगात घालतो.

वाटणी म्हटली की लोकांना फुटलेली डोकी दिसतात. आमच्यात तसं काही झालं नाही. जमीन, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, शेळ्या, कडब्याची गंज, सगळं दुपारच्या चहाच्या आत निकाली निघालं. आमच्याकडची रीत साधी आणि मोठी हुशार आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. थोरल्यानं एखादा वाटा जड केला तर धाकटा नेमका तोच उचलणार, म्हणून थोरल्याला झक मारत न्यायानं वागावं लागतं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो वाटे पाडत गेला, मी उचलत गेलो आणि मामा पंच म्हणून मध्ये बसून तंबाखू मळत राहिले. शेवटी घरातल्या वस्तूंवर आलो आणि तिथं स्टिरिओ आडवा आला.

हा स्टिरिओ काय चीज होती ते आधी सांगतो, नाहीतर माझा राग तुम्हाला नखरा वाटेल. त्यातले दोन स्पीकर मी स्वतःच्या हातानं केलेले. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नोकरी नवी आणि लग्न व्हायचं असताना माणसाजवळ जो रिकामा वेळ असतो, तो सगळा मी त्या दोन खोक्यांत घातला. सागवानी फळ्या, कोपऱ्यांना खाचा पाडून बसवलेल्या. आत गादीचा कापूस. पुढच्या बाजूला जाड आवाजासाठी सहा इंची स्पीकर आणि त्याच्या डोक्यावर बारीक आवाजाचा इवलासा ट्वीटर. ती खोकी घेऊन मी आणि दादा सोलापूरला एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. अ‍ॅम्प्लिफायर कसा हवा, किती मोठा हवा, हे त्यानं विचारलंच नाही. खोकी टेबलावर घेतली, टिचक्या मारून पाहिल्या, मीटर लावला आणि तोंड वाकडं केलं.

“चार ओहमची आहेत,” तो म्हणाला. “खादाड आहेत. बाजारातलं मशीन यांना पुरायचं नाही. पंधरा दिवसांनी या.”

ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा आकडा. आकडा लहान असला की अडवणूक कमी आणि ओढ जास्त. म्हाताऱ्यानं आमच्या खोक्यांची भूक मोजली आणि त्या मापानं एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळून अ‍ॅम्प्लिफायर बांधला. तो ऐवज दादानं सोलापूरपासून एस.टी.त मांडीवर घेऊन आणला. दोन्ही पायांना मुंग्या आल्या, पण त्यानं तो खाली ठेवला नाही. कंडक्टरनं ‘त्याचं तिकीट काढा’ म्हटल्यावर म्हणाला, “मांडीवरच्या लेकराचं तिकीट असतंय व्हय?” हे सगळं मुद्दाम सांगतोय. याच माणसानं पुढं काय केलं ते ऐका.

वाटणीत मी म्हटलं, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर मिळून एक नग धरा. मामांना ते पटेना.

“आरं, तिन्ही एकाच वाट्यात घातली तर दुसऱ्याला काय ऱ्हातंय? धुपाटणं?”

“मामा, ते तिन्ही मिळून एकच हाय. एकावाचून दुसऱ्याचा उपेग न्हाय.”

“तसं तर बैलगाडीबी एकच असती,” दादा म्हणाला. “तरी चाकं वायली निघत्यातच की.”

मग त्यानं वाटे पाडले. एका बाजूला अ‍ॅम्प्लिफायर. दुसऱ्या बाजूला दोन्ही स्पीकर. आणि ज्या वस्तूची किंमत कुणालाच कळत नाही तिचा न्याय वजनानं करावा, या विचारानं मामांनी ओसरीतला सोयाबीनचा काटा ओढला. अ‍ॅम्प्लिफायर चौदा किलो भरला. दोन खोकी मिळून चौदा किलो दोनशे ग्रॅम. मामांनी आनंदानं टाळी वाजवली, तंबाखू उडाली.

“बघा! देवानंच जोखून ठिवलंय. आता दोनशे ग्रॅमवर भांडलात तर लोकं हसतील. उचल रं धाकट्या.”

मी पंचवीस वर्षं पोरांना तराजू शिकवतोय. कशाचं वजन करायचं आणि कशाचं नाही, हे शिकवायला मात्र विसरलो असणार. मी दादाकडे पाहिलं. तो दारातल्या शेळ्यांकडे पाहत होता. अंगाची नुसती लाही लाही झाली. म्हटलं, अ‍ॅम्प्लिफायर काय, दुकानात मिळतो. खोकी मी केलीत. मी दोन काखांत दोन खोकी मारली आणि मागं न बघता रस्ता ओलांडून माझ्या घरी आलो. आमची दोन्ही घरं भूकंपानंतरच्या पुनर्वसनातली, समोरासमोर. मागं न बघता जायला अंतर वीस पावलांचंच होतं, नाहीतर मी आणखी ऐटीत गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तालुक्याच्या दुकानात गेलो. दादाला दाखवायचं होतं, हे कबूल करतो. गल्ल्यामागचा माणूस मला बघताच उठून उभा राहिला.

“या सर, या. पाच हजार वॅट! लाइट बघा सर, सात कलर. घर हालवून टाकतंय.”

आमचं घर भूकंपात हलूनच इथं आलंय, आणखी हलवायची मला हौस नव्हती. आणि पाच हजार वॅट! घरातला मिक्सर पाचशे वॅटचा असतो आणि तो चालला की शेजारी विचारतात, चटणी कशाची. इथं दहा मिक्सरची ताकद एका डब्यात, आणि डब्याला वायर बुटाच्या नाडीएवढी. माझ्या हाताखालून गेलेला अकरावीतला नापास मुलगासुद्धा हसला असता. मी हसलो नाही. मी चिडलेलो होतो, आणि चिडलेल्या माणसाला मोठा आकडा गोड लागतो. डबा उचलला तर दोन किलोसुद्धा नव्हता. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं, कारण वजनानं आवाज कळत नसला तरी दोन किलोत ट्रान्सफॉर्मर मावत नाही, एवढं माझं शिक्षण झालेलं आहे.

घरी आणून डब्याची मागची बाजू पाहिली तर खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं: आठ ओहमचे स्पीकर लावावेत. माझे चार ओहमचे. वाचलं. आणि वाचूनही जोडलं. आता बोला.

हळू आवाजात बरं वाजलं. मग मी दारं-खिडक्या उघडून समोरच्या घरात ऐकू जाईल एवढा आवाज वाढवला. पाच मिनिटं गाणं कसंबसं चाललं. नंतर गाणाऱ्या बाईच्या घशात वाळू अडकल्यासारखं झालं, आणि मग डाव्या खोक्यातून एक बारीकसा ‘टिक्’. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “दूध उतू गेलं का ओ?” दूध नव्हतं गेलं. माझा डावा ट्वीटर गेला होता. केस जळाल्यासारखा वास खोलीभर.

जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो, असं सगळा गाव समजतो. बहुतेक वेळा उलटं असतं. दमदार बैल गाडी सावकाश चढावर नेतो. मरतुकड्याला जुंपलं की तो हिसके देतो, आणि त्या हिसक्यांनी गाडीचा आरा मोडतो. आवाजाची लाट वर चढायला जाते, अशक्त मशीनचा दम संपतो आणि ते लाटेचा शेंडा सपाट कापून टाकतं. ते कापलेलं, धारदार काहीतरी सगळं जाऊन पडतं बिचाऱ्या ट्वीटरवर, आणि तो तर घरातलं सगळ्यात नाजूक पोर. हे मला माहीत होतं. मी हे फळ्यावर काढून दाखवलेलं आहे.

दुकानात डबा परत घेऊन गेलो. तोच माणूस, या वेळी बसूनच.

“स्पीकर जुने झालेत, काका. लोड झेपत न्हाई त्येंना.”

विकताना सर, तक्रारीला काका! डबा त्याच्या अंगावर टाकायची फार इच्छा झाली, पण पाच हजार वॅटचा डबा टाकून त्याला लागलं काहीच नसतं. घेऊन परत आलो आणि कपाटावर ठेवला. त्या मेकचा ट्वीटर आता कुठं बनत नाही. दुसरा बसवला असता तर डावं खोकं एका आवाजात आणि उजवं दुसऱ्या आवाजात बोललं असतं. म्हणून जळका तसाच ठेवला. उरलेल्या उजव्याला पुन्हा असल्या डब्याच्या तावडीत द्यायचं नाही, हे ठरवून टाकलं. तो वाजेल तर त्याच्या मापाच्या चौदा किलोवरच वाजेल. तो अ‍ॅम्प्लिफायर समोरच्या घरात धडधाकट आहे, कधीतरी दादाचं डोकं ठिकाणावर येईल, एवढ्या एका आशेवर मी होतो.

तीनेक वर्षं अशीच गेली आणि मग बिबट्या आला. म्हणजे आला नाही, आल्याची बातमी आली. धरणाच्या बाजूला कुणाला तरी पायाचे ठसे दिसले, कुणाचं तरी बोकड गेलं, आणि आठवडाभरात प्रत्येक शेळीवाल्यानं शेडमध्ये काही ना काही वाजतं ठेवलं. कुणी रेडिओ, कुणी मोबाइल. आवाज असला की जनावर जवळ येत नाही म्हणतात. एका रविवारी सकाळी मला दादाच्या शेडकडून वीस-पंचवीस कुत्री एकदम भुंकल्याचा आवाज आला. दादाकडे कुत्रं नाही. भुंकणं थांबलं आणि लगेच लग्नाचा बँड सुरू झाला. मी पायात चप्पल न घालता गेलो.

शेडच्या चार कोपऱ्यांत जीपमधून काढलेले चार जुने स्पीकर तारेनं बांधलेले. त्या चारांच्या आठ वायरी पिळून, त्यांच्या दोन वेण्या घालून, एका लाकडी खोक्यामागं नेलेल्या. खोक्याच्या खिळ्याला पेनड्राइव्हचा छोटा प्लेअर, कुत्री आणि बँड त्यातलेच. आणि त्या खोक्यावर, सोलापूरच्या म्हाताऱ्यानं हातानं बांधलेला माझा अ‍ॅम्प्लिफायर. आणि अ‍ॅम्प्लिफायरवर, पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, एक करडू. खाली आणखी तीन करडं आपला नंबर येण्याची वाट बघत उभी.

“या शास्त्रज्ञ,” दादा म्हणाला. तो चारा टाकत होता.

“दादा, हे काय केलंय तुमी?”

“का? गरम असतंय ते. थंडीचं बसत्यात बिचारी. लेंड्या पुसून काढतो म्या सकाळी.”

मी हात लावून पाहिला आणि मागं घेतला. तवा होता तवा! प्रत्येक स्पीकर चार ओहमचा, चारही एकाच जागी जोडलेले. चार तोंडं एकदम ओढायला लागली की मशीनला तो एकच ओहम वाटतो. शेळीला सडं दोन असतात. चार करडं एकदम लुचायला लावली तर शेळी किती दिवस उभी राहील?

हे सगळं मी दादाला सांगितलं. करडांचाच दाखला दिला, म्हटलं त्याला तेवढं तरी कळेल. दादानं पूर्ण ऐकून घेतलं.

“बिबट्या आला का?” त्यानं विचारलं.

“न्हाय.”

“मग चालतंय.”

“दादा, जळंल ते!”

“जळू दे की. माझा वाटा हाय. तुझा तू उचललास न्हवं? म्या तुझा हात धरला हुता?”

मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो जे बोलला तेही नाही. बँड चालूच होता, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागलं आणि गल्लीला एक शब्दही चुकला नाही. करडू मात्र उठलं नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी दादा दोन बोकडं घेऊन गेलेला पाहिला आणि मी पक्कड घेऊन शेडमध्ये शिरलो. खोटं कशाला सांगू, चोरायलाच गेलो होतो. करडू उचलून खाली ठेवलं, वायरी सोडवल्या, अ‍ॅम्प्लिफायर छातीशी धरून वळलो तर दारात वैनी, हातात घमेलं.

“काय भावजी, काय चाललाव घिऊन?”

“वैनी, हे जळायला लागलंय.”

“मग इझवा की. न्यायला कशाला पायजे?” त्या बाजूलाही झाल्या नाहीत आणि आडव्याही आल्या नाहीत. “न्यायचं असंल तर न्या बापडे. पर बिबट्या आला की तुमीच येऊन भुंकायचं. रोज. हितं, या खोक्यावर बसून.”

चौदा किलो छातीशी धरून फार वेळ विचार करता येत नाही. शेवटी परत ठेवला. पण तसाच जातोय कुठं? दोन-दोन स्पीकर एकामागं एक ओळीनं जोडले आणि अशा दोन जोड्या शेजारी-शेजारी लावल्या. वायरी त्याच, स्पीकर तेच, पण आता मशीनला ते बरोबर चार ओहमचे वाटणार, म्हाताऱ्यानं मोजले होते तेवढेच. करडांच्या हिशेबात सांगायचं तर दोन सडं आणि दोन रांगा. बटण दाबलं. कुत्री भुंकली.

“आवाज कमी आला की ओ,” वैनी म्हणाल्या.

“कमी न्हाय. नीट आला. बिबट्याला पुरंल.”

घरी आलो. राग गेला नव्हता, पण त्याला जरा सावली मिळाली होती. अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे नसला तरी आता मरणार नाही. खुशाल भुंकू दे, जिवंत राहू दे.

दोन दिवसांनी दादा दारात. तोंड लाल.

“काय केलंस माझ्या मशीनला?”

“वाचवलं!”

“वाचवलं? गार पडलंय ते, मढ्यासारखं! करडं बसंनात त्येच्यावर. सगळी रात म्या म्या करून डोकं उठिवलं.”

“अ‍ॅम्प्लिफायर हाय ते, शेगडी न्हाय!”

“माझा वाटा हाय. मी त्येच्यावर भाकरी भाजीन!”

आणि गेला. त्या संध्याकाळी कुत्री पूर्वीच्याच दणक्यात भुंकली, म्हणजे वायरींची वेणी पुन्हा घातली गेली. मी त्या दिवशी जेवलो नाही. बायको म्हणाली, मशीन त्येंचं, करडं त्येंची, तुमी का उपाशी? तिला समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली की मलाही चार करडांचा दाखला देऊ नका, मी ऐकलाय, सगळ्या गल्लीनं ऐकलाय.

आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी कुत्री भुंकली नाहीत. मी दाढी करता करता थांबलो. बँडही नाही. थोड्या वेळानं दादा रस्ता ओलांडून आला आणि काखेतला अ‍ॅम्प्लिफायर त्यानं माझ्या ओट्यावर आदळला. हो, आदळला.

“धूर निघाला. तूच हात लावला हुतास. तूच नीट कर.”

मी झाकण उघडलं. आत चाऱ्याचा भुसा, एक कोळ्याचं घर, आणि एका बाजूचे दोन्ही मोठे ट्रान्झिस्टर जळून काळे. पण खरा संताप आला तो फ्यूज पाहून. ती बारीक तार मशीनला वाचवायला आधी स्वतः मरते. ती बिचारी मेली असणार, एकदा, दोनदा. तर या गृहस्थानं फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळला होता. ओरडणाऱ्याचं तोंड दाबून ठेवलं आणि आता माझ्या दारात येऊन विचारतो, हा गप्प का!

“हे कुणी केलं?”

“सारखं उडत हुतं ते.”

“उडण्यासाठीच असतंय ते!”

“मग कशाला घालायचं?”

मी कागद चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर नाचवला, प्रयोगशाळेच्या आवाजात पाऊण तास भाषण दिलं आणि मग सोलापूरला जाऊन ट्रान्झिस्टर आणले. ट्रान्सफॉर्मर मात्र शाबूत होता. म्हाताऱ्याच्या हाताला सलाम.

रविवारी दुपारी दुरुस्त केला. दादा समोर खुर्चीत बसून, हाताची घडी घालून, मी काही चोरतो का ते बघत होता. आधी विजेच्या वाटेत शंभर वॅटचा बल्ब जोडून मशीन चालू केलं. बल्ब लख्ख पेटून मंद झाला, म्हणजे आत कुठं शॉर्ट नाही. मग स्पीकरच्या टोकांवर मीटर लावला. काटा शून्याजवळ. तरीसुद्धा खात्री नसते. दुरुस्तीत काही चुकलं असलं तर सगळी वीज सरळ स्पीकरवर जाते आणि तो डोळ्यांदेखत भाजून निघतो. आणि या मशीनची खरी परीक्षा घ्यायला त्याच्या मापाचे स्पीकर घरात दोनच होते. माझे. एकाचा ट्वीटर मी आधीच घालवलेला, दुसरा तीन वर्षं फडक्याखाली जपून ठेवलेला.

“जोड की,” दादा म्हणाला. “भ्यालास व्हय?”

भ्यालो होतो. रागानं जोडले.

जुन्या कॅसेटवरून पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेला एक गोंधळ लावला, आमच्याच दारात झालेला. संबळ आणि झांज. संबळ खालच्या स्पीकरचा घाम काढतो आणि झांज ट्वीटरचा, म्हणून परीक्षेला तेच बरं. पहिली थाप पडली आणि मी, खरं सांगतो, खाली बसलो. खोलीतली हवा पुढं सरकली. ओरडणं नाही, खरखर नाही. उजव्या बाजूची झांज तर अशी, की वाजवणाऱ्यानं ती नंतर मांडीवर टेकवून मिटली तेही ऐकू यावं. सागवान, कापूस आणि तांब्याची तार यांनी एकमेकांना ओळखलं होतं. मी आवाज थोडा वाढवला. घशात वाळू नाही, वास नाही.

दादा हाताची घडी सोडून पुढं वाकला. तो तीस वर्षं गावच्या भजनात झांज वाजवतो.

“डाव्यातनं झांज येईना,” तो म्हणाला.

मी उगाच मागच्या वायरी तपासल्या.

“उजव्यात हाय. डाव्यात नुसतं ढुमढुम. कुणी जाळलं?”

“म्या.”

“कशानं?”

मी कपाटावरच्या सात रंगांच्या डब्याकडे बोट दाखवलं. दादानं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आन मला शेगडीवरनं बोलतोस.”

त्यानं गोंधळ शेवटपर्यंत ऐकला. मध्ये एकदा चहा आला, तो गार झाला तरी प्याला नाही. संपल्यावर उठला, मागच्या वायरी स्वतःच्या हातानं सोडवल्या आणि अ‍ॅम्प्लिफायर काखेत घेतला.

“दादा, राहू द्या हितं,” मी म्हटलं. “तुमाला तो डबा देतो. जीपचे दोन स्पीकर ओळीनं जोडले की आठ ओहम व्हत्यात, डब्याला बरोबर जमतंय. कुत्र्यांना काय, तेवढं लई झालं.”

इतका चोख तोडगा मी आयुष्यात दुसरा काढलेला नाही. डब्याला त्याच्या मापाचं काम, अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या मापाचे स्पीकर, आणि बिबट्याला त्याच्या मापाची कुत्री.

“चौदा किलोच्या बदल्यात दोन किलो?” दादा म्हणाला. “मामाला बोलवू का?”

बहिऱ्या माणसानं तो शेळ्यांना घातला असता तर मी माफ केलं असतं. पण याला ऐकू येत होतं! डाव्यातली नसलेली झांज ज्याला ऐकू येते, तो माणूस ते चौदा किलो उचलून करडांच्या बुडाखाली ठेवायला निघाला होता, का, तर तो त्याचा वाटा. मी तोंडाला येईल ते बोलत त्याच्या मागं निघालो. जाताना पक्कड घेतली.

“मागं मागं काय येतोयस?” रस्त्याच्या मध्यावर तो वळला.

“वायरी जोडायला.”

“माझ्या शेडात पाय ठिवायचा न्हाय.”

“मग तुमीच सांगा, कोनती वायर कुठं जाती? सांगा. लोकांसमोर सांगा.”

समोरच्या ओट्यावर दोघं-तिघं बसलेच होते. दादानं ओट्याकडे पाहिलं. अ‍ॅम्प्लिफायर या काखेतून त्या काखेत घेतला.

“चल,” तो म्हणाला. “पर एका अटीवर. जोडून हुईस्तोवर एक अक्षर बोलायचं न्हाय. ओहम न्हाय, करडं न्हाय, म्हातारा न्हाय. बोललास की हाकलून देईन.”

मी गेलो. दोन-दोन स्पीकर ओळीनं, दोन जोड्या शेजारी. चांदीच्या कागदाच्या जागी नवा फ्यूज. दादा डोक्यावर उभा राहून प्रत्येक पीळ बघत होता, मध्येच “हां, हे असं व्हय,” म्हणत होता, म्हणजे त्याला कळत होतं आणि विचारायचं होतं. सांगण्यासारखं माझ्याजवळ केवढं होतं! एक करडू माझ्या पाठीवर चढलं, तरी मी हूं म्हटलं नाही. अर्धा तास लागला. आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधी बसलो नव्हतो आणि तो मला गप्प बसवून आरामात शिकून घेत होता. बाकी सगळं एक वेळ विसरेन, पण त्या अर्ध्या तासाचा राग काही केल्या जात नाही.